कानाडोळा

"नाही रे, नाही!" काचेपलीकडून फोटोवाला ओरडला. "ही मेलेली बाई वाटतच नाही. ही सायकल पंक्चर झालेली वाटते."

कानसेनाने हातातला पंप खाली ठेवला. "सायकलचाच पंप आहे तो. त्यातून काय बाईचा आत्मा निघणार?"

"मग दुसरं काहीतरी काढ. कपाट भरून आवाज आहेत म्हणतोस, आणि एक साधा श्वास नाही तुझ्याकडे?"

कानसेन हे काही त्याचे पाळण्यातले नाव नव्हते. सगळ्यांनाच तानसेन होता येत नाही, निदान कानसेन तरी व्हावे असे म्हणतात. हा गृहस्थ ते जरा जास्तच मनावर घेऊन बसला होता. पडद्यावर दार लागते, हाड मोडते, कुणी चिखलातून चालत जाते, ते आवाज बंद खोलीत बसून करायचे हा त्याचा धंदा. हाड म्हणजे गाजर, घोडा म्हणजे करवंट्या, आणि चिखल म्हणजे बादलीत भिजवलेली वर्तमानपत्रे. वीस वर्षांत त्याचे कान इतके तयार झाले होते की जिन्यावर कोण चढते आहे एवढेच नाही, तर ते माणूस भांडायला येते आहे की गप्पा मारायला, हेही तो दार उघडण्याआधी सांगत असे. आणि बहुतेक वेळा बरोबर निघत असे, म्हणून तर त्याचा स्वतःच्या कानांवर इतका विश्वास.

स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. खालच्या दोन मजल्यांवर छापखाना होता आणि त्याची यंत्रे सुरू असली की टेबलावरचा पेला थरथरत कडेपर्यंत जायचा. त्यामुळे नाजूक आवाज घ्यायचे ते छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, दुपारी एक ते दोन. दिवसातून एकच तास, आणि त्या तासात फोटोवाल्याला हडळीचा श्वास हवा होता. आज सहावा दिवस.

फोटोवाला एके काळी लग्नाचे फोटो काढायचा. सजलेल्या नवऱ्या बघून बघून म्हणा किंवा दुसऱ्या कशाने, त्याच्या डोक्यात सिनेमाचे खूळ शिरले. बंद पडलेला एक बर्फाचा कारखाना त्याने महिनाभरासाठी पदरात पाडून घेतला, नायक म्हणून स्वतःच्या मेव्हण्याला उभे केले, खिडक्यांच्या पडद्यांतून नवरीचा पोशाख शिवून घेतला आणि 'गोठलेली नवरी' हा सिनेमा सुरू केला. कारखान्याचा मालक होणाऱ्या सुनेला बर्फाच्या खोलीत कोंडून मारतो. ती हडळ होऊन परत येते आणि गाते. एकूण सात गाणी. ज्याला तिच्याबरोबर धृपद गुणगुणायचा मोह आवरत नाही, तो उभ्या जागी गोठतो. धृपद असे होते:

ये रे ये, गारठा घे,
ऊब तुझी मला दे.

चाल मात्र अशी होती की एकदा कानात गेली की निघायचे नाव नाही. छापखान्यातली माणसेही जिन्यात ती गुणगुणू लागली होती. कॅमेरा जुना, पिठाच्या गिरणीसारखा खडखडणारा, त्यामुळे कारखान्यात घेतलेला एकही आवाज कामाचा नव्हता. सगळे नंतर भरायचे होते.

"हे बघ, बर्फ मेणाचा आहे हे शेंबडं पोरही ओळखेल," फोटोवाला काचेच्या अलीकडे येऊन खुर्चीत बसला. "माझा मेव्हणा घाबरला की त्याला शिंक येतेय असं वाटतं. माझ्याकडे घाबरवायला काहीच नाही. फक्त तो श्वास आहे. प्रत्येक गाण्याआधी हडळ श्वास घेते. दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तो आला की लोकांनी समजायचं, आता कुणीतरी गेलं. सात श्वास, सात मुडदे. तो श्वास नाही जमला तर लोक हसतील रे. भुताच्या सिनेमात लोक हसले की संपलं."

"कसा हवाय? नीट सांग."

"आतून ओला. जणू छातीत बर्फ वितळतोय."

कानसेनाने पेटीचा भाता ओढून पाहिला होता. ओला पंचा पिळून पाहिला होता. काल तर बायकोच्या गंगावनातली एक बट घेऊन मायक्रोफोनजवळ बोटांत चोळली होती. त्यातून एक बारीक, ओलसर चरचर निघाली होती आणि ती त्याला हवी तशी होती, पण नुसती चरचर म्हणजे श्वास नव्हे. तिला जोडायला श्वास कुठून आणायचा?

खाली यंत्रे थांबली. एक वाजला. आणि जिन्यावर पावले वाजू लागली.

"वहिनी का?" फोटोवाल्याने विचारले.

"डबा घेऊन," कानसेन म्हणाला. "आणि आज पिशवी जड आहे."

त्याची बायको रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवणे, काचा घासणे, अक्षरांच्या तक्त्यासमोर म्हाताऱ्यांना बसवणे हे तिचे काम. कान नवऱ्याकडे आणि डोळा बायकोकडे, म्हणून ओळखीचे लोक त्यांच्या घराला 'कानाडोळा' म्हणायचे. "कानाडोळ्याकडे जाऊन आलो," असे कुणी म्हटले की सगळे हसायचे. ही दोघे सर्वांत जास्त.

पावले दुसऱ्या मजल्यावर थांबली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली. मग दार उघडले, ती आत आली, पिशवी खाली ठेवून दाराजवळच्या स्टुलावर बसली आणि एक हात छातीवर ठेवून तिने श्वास घेतला.

कानसेन ताठ झाला.

श्वास लांब होता, ओढून घेतलेला. आणि अगदी शेवटी, भरत आला तेव्हा, त्यातून एक बारीक चरचर आली. कालच्या बटेची चरचर, पण जिवंत. बावीस वर्षे तो या बाईच्या शेजारी झोपत होता. तिचे घोरणे, उसासे, नाक चोंदलेले असतानाचे बोलणे त्याला पाठ होते. हा आवाज त्याने आधी कधीच ऐकला नव्हता. हे त्याच्या लक्षात आले, अगदी स्पष्ट आले. दुसरा कुणी असता तर त्याने विचारले असते, अगं, काय होतंय तुला? पण याच्या धंद्यात नवीन आवाज कानावर पडणे म्हणजे लॉटरी लागणे. त्याने तिच्याकडे न बघता हात मागे नेला आणि टेप सुरू केली.

"काय मेला हा जिना!" ती म्हणाली. "दिवसेंदिवस उंच होत चाललाय."

"बोललीस! घालवलास ना टेक!"

"कसला टेक?"

फोटोवाला खुर्चीतून उठून उभा राहिला होता. त्याच्या हातांवर काटा आला होता आणि तो काटा त्याने तिच्यासमोर धरला. "वहिनी, हे बघा. सहा दिवसांत पहिल्यांदा. तुमच्या पाया पडतो, एकदा परत चढून या."

"अगं बाई! मला हडळ करताय होय?"

"नुसता श्वास," कानसेन म्हणाला. "पहिल्या मजल्यापर्यंत जा आणि वर ये. आल्यावर बोलायचं नाही. इथं बसायचं, या मायक्रोफोनसमोर."

ती हसतच खाली गेली. वर आली तेव्हाही हसत होती, त्यामुळे दुसरा टेक फुकट गेला. तिसऱ्या वेळी श्वास चांगला आला, पण शेवटची चरचर आली नाही. दोन जिने तिला पुरले नव्हते. कानसेनाने घड्याळ पाहिले. दोनला दहा मिनिटे कमी होती. दोनला यंत्रे सुरू झाली की उद्यापर्यंत बोंब.

"अगदी खालपासून ये," तो म्हणाला. "आणि जरा भरभर."

ती क्षणभर कठड्याला धरून उभी राहिली. "अहो, जेवायचं नाही का तुम्हाला?"

"एकदाच गं. हा शेवटचा."

तो दारात उभा राहून ऐकत होता. ती खाली गेली, वळली आणि चढू लागली. पहिल्या मजल्यावर तिची पावले सम होती. दुसऱ्यावर एक पाऊल दुसऱ्यापेक्षा जड पडू लागले. मग ती थांबली, बराच वेळ थांबली, आणि कानसेनाच्या मनात आले ते एवढेच, की आता मस्त येणार. ती दारात आली तेव्हा तिचे ओठ जांभळट दिसत होते. स्टुलावर बसली. त्याने मायक्रोफोन वीतभर जवळ नेला.

आला. श्वास आत गेला, खोल, थरथरत, आणि शेवटी ती चरचर, ओल्या काडीला जाळ लागावा तशी. एक, दोन, तीन... आठ वेळा. कानसेनाने अंगठा वर केला. तिला बोलता येत नव्हते. तिने नुसता आपलाही अंगठा वर केला.

खाली यंत्रे सुरू झाली. त्याने टेपच्या डबीवर पेनने लिहिले: 'श्वास, हडळ, टेक ४, उत्तम.'

"म्हणजे माझ्या श्वासानं सात माणसं मरणार," जेवताना ती म्हणाली. तिने अर्धेच खाल्ले. "पण मी तर आठ घेतले. आठवा कुणासाठी?"

"आठवा शेवटी," फोटोवाला म्हणाला. त्याला ते त्याच क्षणी सुचले होते आणि तो आनंदाने टेबल बडवत होता. "सिनेमा संपला, दिवे लागणार, लोक उठणार, आणि अंधारात एक श्वास. पुढं गाणं नाही, काही नाही. आठवा प्रेक्षकासाठी!"

तिघेही हसले. आज त्या हसण्याचा विचार केला की अंगावर काटा येतो, तो मात्र सिनेमातला नाही.

पुढचे चार महिने कानसेन कामात बुडाला. पावले, दारे, बर्फाचे तडे, नवरीच्या बांगड्या. तो दिवसभर बायकोचा श्वास ऐकायचा, कापायचा, जोडायचा, एका गाण्याआधी थोडा लांब, एका आधी थोडा आखूड. घरी आल्यावर तोच श्वास शेजारी चाललेला असायचा आणि तो थकून झोपून जायचा. ती एकाऐवजी तीन उशा घेऊन, जवळजवळ बसूनच झोपू लागली होती. "मानेला बरं वाटतं," असे ती म्हणाली आणि त्याने ते मानले. डबा दुकानातला एक नोकर आणून देऊ लागला. "दुकानात गर्दी असते हो," ती म्हणाली, आणि त्याने तेही मानले.

सिनेमा तयार झाला तेव्हा फोटोवाल्याने एका छोट्या चित्रपटगृहात भर दुपारी सगळ्यांना बोलावले. कामाची माणसे, त्यांची घरची माणसे, तीस-चाळीस जण. कानसेनाच्या बायकोने धाकट्या बहिणीला बरोबर आणले. ही मेहुणी मोठ्या दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून थेट आलेली, आणि अंधार होताच ती पेंगू लागली.

पडद्यावर मेव्हण्याने बर्फाच्या खोलीचे दार उघडले. सगळीकडे शांतता. आणि त्या शांततेत पहिला श्वास आला.

पुढच्या रांगेत कुणीतरी "आई गं" म्हणाले. मागे एक लहान मूल रडू लागले आणि त्याला बाहेर न्यावे लागले. फोटोवाल्याने अंधारात कानसेनाची मांडी दाबली. कानसेनाला असे वाटले की वीस वर्षांचे चीज झाले.

मेहुणीची झोप उडाली होती. "ताई, हा कसला आवाज?"

"माझा!" बायको अभिमानाने कुजबुजली. "हडळ मी आहे. कुणाला सांगू नकोस."

"चेष्टा करू नकोस."

"अगं, खरंच. यांनीच घेतलाय."

दुसऱ्या गाण्याआधी श्वास आला तेव्हा मेहुणी पुढे वाकून, डोळे मिटून ऐकत होती. तिसरा आला आणि ती उठली. बहिणीचे मनगट धरून तिने तिला रांगेतून बाहेर काढले. कानसेन वैतागून मागे गेला. आता कुठे रंग भरत होता.

बाहेर व्हरांड्यात लख्ख ऊन होते. मेहुणीने बहिणीला बाकावर बसवले, स्वतः जमिनीवर बसली, तिची चप्पल काढली आणि घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. तिघेही त्या खड्ड्याकडे बघत राहिले. तो भरून यायला फार वेळ लागला.

"भावजी, हे रेकॉर्डिंग कधीचं?"

"झाले की चार महिने."

"चार महिन्यांपूर्वी तुम्हाला हे ऐकू आलं?"

"आलं ना," कानसेन म्हणाला. "म्हणून तर घेतलं."

मेहुणीने त्याच्याकडे पाहिले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. "छातीत पाणी झाल्यावर असा आवाज येतो," ती म्हणाली. "आम्हाला पहिल्या वर्षात शिकवतात. लोक तुम्हाला हौसेनं कानाडोळा म्हणायचे, भावजी. तुम्ही तर खराच केलात."

आत, बंद दारापलीकडे, चौथा श्वास आला. मग गाणे सुरू झाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकले. हृदयाची झडप, ते म्हणाले; ती आतून अरुंद झाली आहे, रक्त पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसांत पाणी साचते. किती दिवसांपासून होते आहे असे त्यांनी विचारले. चार महिने, मेहुणी म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "तेव्हा आणलं असतं तर झडप मोकळी करता आली असती. आता हृदयच पसरलंय. औषधांवर बघू."

कानसेनाने विचारले. "तो आवाज... नक्की कसला असतो?"

"चरचर असते. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, केसांची एक बट घ्या, कानाजवळ धरा आणि बोटांत चोळा. हुबेहूब तसा." डॉक्टर भले गृहस्थ होते. नवऱ्याला समजावे म्हणून त्यांनी नळी त्याच्या कानात दिली. "ऐका तुम्ही."

त्याने ऐकले. आणि त्याच्या मनात जो पहिला विचार आला तो असा, की टेक चारपेक्षा हा कितीतरी स्वच्छ आहे. हा विचार त्याने कधी कुणाला सांगितला नाही. पण त्या क्षणी त्याला स्वतःची जी किळस आली, ती पुढे जन्मभर पुरली. नळी त्याने डॉक्टरांना परत दिली.

रिक्षात बसल्यावर बायकोनेच विषय काढला. "तोंड असं करून बसू नका. मला पण दिसत होतं हो. चपलेचा पट्टा मी दोनदा सैल करून घेतला. आरशात ओठ दिसायचे. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचा, खालची ओळ वाचा म्हणते, आणि स्वतःची वरचीच वाचली नाही."

"तू मला सांगायचंस तरी."

"तुम्ही इतके खूश होता," ती म्हणाली. "म्हटलं, होऊन जाऊ दे सिनेमा."

त्यानंतर ती आठ महिने होती. त्या आठ महिन्यांत कानसेनाने एकही नवीन काम घेतले नाही. त्याने तळमजल्यावर खोली बघितली आणि तिला एक पायरीही चढू दिली नाही. दिवसभर तो तिचा श्वास ऐकत बसे. चरचर वाढली की औषध, कमी झाली की त्याचा जीव भांड्यात. ती वैतागायची. "दुसरं काहीतरी ऐका की," म्हणायची, "रेडिओ लावा." एका सकाळी चहाचा कप हातात असताना ती काहीतरी सांगू लागली, दुकानातल्या एका म्हातारीची गंमत होती, आणि गंमत अर्धीच राहिली. त्याने किती तरी वेळ ऐकले. खोलीत कुठलाच आवाज नव्हता.

सिनेमा तेव्हा केव्हाच पडला होता. चार दिवस चालला. वर्तमानपत्रात एकाने लिहिले की मेणाचा बर्फ आणि मेणाचा नायक. फोटोवाला परत लग्नाचे फोटो काढू लागला.

पण सिनेमालाही नशीब असते, आणि ते माणसांपेक्षा चिवट. पुढे काही वर्षांनी एका पडक्या चित्रपटगृहाने सकाळच्या खेळाला स्वस्तात मिळतो म्हणून तो लावला. कॉलेजची मुले टवाळी करायला गेली आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेली. मग दर रविवारी जाऊ लागली. पडद्याचे कापड पांघरून नवऱ्या बनून यायची, मेव्हण्याच्या प्रत्येक वाक्याला पुढचे वाक्य आधीच ओरडायची, धृपद सगळे मिळून गायची आणि जागच्या जागी गोठायची. फक्त एका ठिकाणी टवाळी थांबायची. गाण्याआधी सगळे चित्रपटगृह गप्प व्हायचे आणि हडळीबरोबर तीन-चारशे माणसे एकदम श्वास आत ओढायची. आठव्या श्वासाला तर काही जण डोळे मिटून हात धरून बसायचे म्हणे. हे सगळे कानसेनाला लोकांनी सांगितले. तो स्वतः एकदाही गेला नाही. त्याला शोधत पत्रकार आले, विद्यार्थी आले. सगळ्यांचा एकच प्रश्न, तो श्वास कशाचा केला होता?

"सायकलच्या पंपाचा," तो सांगे. ते लिहून घेत आणि खूश होऊन जात.

अशी तीस वर्षे गेली. मग एका दुपारी फोटोवाला काठी टेकत त्याच्या दारात आला. 'गोठलेली नवरी'ची नवी प्रत निघणार होती, चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, मोठमोठ्या चित्रपटगृहांत लागणार. "तू नुसता येऊन बस," तो म्हणाला. "आवाजाला तुझा कान लागून जाऊ दे, मग मी सुखानं मरतो." कानसेन नाही म्हणणार होता. पण तो आवाज आपल्या पाठीमागे कुणी परका माणूस हाताळणार, हेही त्याला सोसवेना. तो गेला.

नव्या स्टुडिओत ना रजया होत्या, ना अंड्यांचे ट्रे. आवाज साफ करण्याचे काम एक चाळिशीची बाई करत होती, शांत, कामात चोख. तिने दोघांना कानाला लावायला हेडफोन दिले. समोरच्या पडद्यावर आवाजाचे चित्र दिसत होते, डोंगररांगेसारखे.

"हा पहिला श्वास," ती म्हणाली आणि तिने लावला.

कानसेनाने खुर्चीचे हात घट्ट धरले. तीस वर्षांत पहिल्यांदाच तो आवाज त्याच्या कानावर पडत होता.

"श्वास उत्तम आहे, काका. पण ही शेवटची खरखर बघा, हे बारीक काटे. टेप जुनी आहे, बुरशी धरली असणार. सगळ्या आठांत आहे. काढून टाकू?"

"ती टेपची नाही," असे तो म्हणणार होता. म्हणाला नाही. "काढता येते?" त्याने विचारले.

"दोन मिनिटांचं काम आहे."

तिने ते काटे निवडले आणि पुसले. मग परत लावले.

श्वास आत गेला, लांब, खोल, आणि भरला. नुसता भरला. शेवटी काहीच आले नाही. छातीत जागा होती तेवढा श्वास आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"हॅत्!" फोटोवाल्याने हेडफोन काढला. "सगळी भीतीच गेली यातली. ही काय हडळ आहे? ही कुणीतरी बाई जिना चढून आलीय आणि दमलीय. ते परत घाला हो, आहे तसं..." आणि बोलता बोलता त्याला आठवले. त्याने कानसेनाकडे पाहिले, मग खाली मान घातली आणि काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसला.

"घाला परत," कानसेन म्हणाला. "लोकांना तशीच माहीत आहे ती."

बाईने मान हलवली आणि हात पुढे केला.

"पण जरा वेळानं."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो साफ केलेला श्वास तिने सुरुवातीला नेऊन पुन्हा लावला, आणि संपल्यावर पुन्हा.

कानसेन डोळे मिटून ऐकत होता. कान तयारच होते त्याचे. त्यांनी कसून तपासले, कुठे काही राहिले आहे का. काही नव्हते. एक बाई तीन मजले चढून आली होती. दमली होती, एवढेच. दोन मिनिटे बसली असती की बोलायला लागली असती.